संमतिपत्राची भाषा

मनुष्यांवर होणाऱ्या संशोधनाच्या नीतीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा वैद्यकाच्या अथवा कायद्याच्या अंगाने होते. संमती हा मुळात एक भाषिक व्यवहार आहे, या बाजूने तिचा विचार क्वचितच झालेला दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. माहिती सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत द्यावी, ती निरक्षर असल्यास निःपक्षपाती साक्षीदारासमक्ष अंगठा घ्यावा, गावच्या प्रमुखाची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, ही कलमे योग्यच आहेत. परंतु ‘समजेल अशा’ या दोन शब्दांत किती गृहीत धरले आहे, याची परीक्षा करणे हे आपल्या विषयाचे काम आहे.

उदाहरणासाठी मराठवाड्याबाहेर जाण्याचे कारण नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठा प्रयोग झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांच्या ५२ समूहांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, चार गट पाडण्यात आले. तीन गटांत तीन निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना ‘नेहमीची सेवा’ मिळाली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची चाचणी ज्या गटास देण्यात आली, त्यातील ३४,१२६ स्त्रियांपैकी या रोगाने ३४ दगावल्या. चौथ्या गटात ६४. चाचणीचे मोल यावरून सिद्ध झाले, हे नाकारता येत नाही. देशात अशा तपासणीची सार्वत्रिक योजनाच नव्हती, तेव्हा चौथ्या गटाचे काही हिरावून घेतले नाही, ही संशोधकांची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. तपासणीने प्राण वाचतात हे आधीच ठाऊक असता तपासणीविना गट ठेवणेच गैर, असा आक्षेप २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये घेतला गेला. तो मला सबळ वाटतो.

पण माझे लक्ष वेधते ते ‘नेहमीची सेवा’ या शब्दप्रयोगाकडे. येथे सेवेचा अभाव सेवा या नावाने ओळखला जातो. तोच अर्थ बोलीच्या साध्या मराठीत मांडून पाहावा: ‘बाई, त्या गावातल्या बायकांची तपासणी आम्ही करू, तुमच्या गावातल्यांची करणार नाही, मग दोन्हीकडं किती मेल्या ते मोजू.’ हे वाक्य तोंडावर ऐकून कोणी होकार दिला असता काय? नसता, तर शास्त्रीय शब्दाने येथे अर्थ सांगण्याऐवजी झाकण्याचे काम केले, असे म्हणणे प्राप्त आहे.

आपल्याकडील संमतिपत्रांचे व्याकरणही पाहण्यासारखे असते. ‘मला सर्व माहिती समजावून सांगण्यात आली आहे.’ कोणी सांगितली? कर्ता लोपलेला आहे. ‘मी स्वेच्छेने सहभागी होत आहे.’ येथे ‘मी’ आहे खरा. पण हे वाक्य संस्थेने रचलेले, तिनेच छापलेले, आणि सही मात्र दुसऱ्याची! ज्या स्त्रीच्या नित्याच्या बोलण्यात ‘स्वेच्छा’ हा शब्द आयुष्यात एकदाही आला नाही, तिची इच्छा त्या शब्दाने कशी व्यक्त व्हावी?

आमच्या धर्माबादेकडे ही अडचण दुणावते. तेलंगणाच्या सीमेवरील या तालुक्यात मराठीबरोबर तेलुगू, दखनी आणि तांड्यांवरील गोरमाटी कानी पडते. ‘स्थानिक भाषा’ हे एकवचन येथे टिकत नाही. शिवाय नकाराची रीत वेगळी. ‘घरी विचारून सांगते’ हा पुष्कळदा सभ्य नकारच असतो. परंतु अन्वेषकाच्या तक्त्यात ‘नकार’ आणि ‘होकार’ असे दोनच रकाने असल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राहतो, आणि तिसऱ्या दिवशी मिळालेल्या होकारास संमती म्हणतो.

हे सारे वैद्यांना सुनावून भाषाभ्यासकाला मोकळे होता येणार नाही. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणातून निजामाचे हैदराबाद संस्थान वगळले गेले होते. त्यामुळे या भागातील बोलींचे ध्वनिमुद्रण करण्याचा मोह आपल्या विद्यार्थ्यांना होणे स्वाभाविक व इष्टही आहे. परंतु रक्ताच्या नमुन्यावरचे नाव काढता येते, आवाजातून माणूस काढता येत नाही. गावकऱ्यांना दोन वाक्यांत जात, गल्ली आणि घर कळते. कुपवाडच्या १९७१ मधील सुप्रसिद्ध अभ्यासात तर भाषा आणि जात यांची जोडी हाच विवेचनाचा पाया होता. तेथे चर्चा व्याकरणाची होती. पण आज मुद्रित कथनात सावकाराचा, सुनेचा, भावकीतील तंट्याचा उल्लेख येतो, आणि ते कथन संकेतस्थळावर ठेवले की नांदेडात बसलेला पुतण्याही ते ऐकतो. ‘अभ्यासासाठी वापरू’ एवढे सांगून घेतलेल्या होकारात हा पुतण्या समाविष्ट नसतो.

म्हणून विभागाच्या प्रबंध-प्रस्तावांबाबत माझी सूचना अशी की, संमतिपत्र छापण्यापूर्वी ते त्या बोलीच्या दोन-तीन भाषकांना वाचून दाखवावे, आणि त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत परत सांगितलेले ध्वनिमुद्रण प्रस्तावास जोडावे. परत सांगताना जे वाक्य गळते, तेच बहुधा जोखमीचे असते; ते पुन्हा लिहावे. मुद्रण झाल्यावर ते त्या व्यक्तीस तेथेच ऐकवून, कोणता भाग पुसायचा हे तिला विचारावे. यास प्रत्येक कथकामागे अर्धा दिवस अधिक लागेल, आणि क्षेत्रकार्याच्या वेळापत्रकात तो आधीच धरला पाहिजे.