प्रद्युम्नसाहेबांचं सुतक

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. एका सोमवारी सकाळी उठून पाहतो तो आई चहा न घेता खिडकीत बसलेली. माझ्या पोटात गोळाच आला. आमच्याकडे आई चहा घेत नाही म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं. गावाकडच्या सगळ्या वृद्ध मंडळींची मी मनातल्या मनात हजेरी घेतली आणि हळूच विचारलं, "कोण गं?"

"प्रद्युम्नसाहेब," आई म्हणाली. "बॉम्बस्फोटात."

वाचकहो, 'सीआयडी' ही मालिका आमच्या घरात १९९८ पासून आहे. एवढी जुनी वस्तू घरात दुसरी नाही. फ्रीज दोनदा बदलला, अंबरनाथ पूर्वेतली भाड्याची जागा सोडून पूर्वेतच मालकीची घेतली, पण एसीपी प्रद्युम्न कायम. २०१८ च्या ऑक्टोबरात मालिका थांबली तेव्हा दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. २०२४ च्या डिसेंबरात ती परत आली, आणि चार महिन्यांत साहेबांनाच उडवून मोकळी झाली!

"अगं, पण शिवाजी साटम ठणठणीत आहेत," मी समजूत घातली.

"ते मला कळतं. मी काय खुळी आहे? नट आहे तो. पण साहेब गेले ना!"

या वाक्यावर मी निरुत्तर झालो, आणि आजही आहे. मालिकेचा प्रमुख नट गेला, मग तो देवाघरी जावो, दुसऱ्या मालिकेत जावो की लेखकाच्या लहरीने जावो, तर मालिका पुढे चालवावी की नाही, या प्रश्नाची सगळी मेख आईच्या त्या बोलण्यात आहे. गेलं नक्की कोण? नट की पात्र?

सौ.चं म्हणणं असं की काही बिघडत नाही. तिच्याजवळ दाखले तयार असतात. 'पवित्र रिश्ता'मधून २०११ साली सुशांत सिंह राजपूत गेला, हितेन तेजवानी आला, मानव तोच राहिला. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया तर २०१८ साली रसिका सुनीलची ईशा केसकर झाली आणि २०२० साली पुन्हा रसिका सुनील. "आम्ही बायकांनी दोन दिवस नावं ठेवली आणि तिसऱ्या दिवशी नव्या शनायावर पहिल्यासारख्याच चिडलो," ती म्हणाली. मला पटलं. रोजच्या मालिकेत नवऱ्याला नादी लावणारी बाई हवी असते. चेहरा कुणाचा का असेना, रागाला जागा मिळाल्याशी कारण.

नाटकवाल्यांना तर हा प्रश्न पडतच नाही. 'नटसम्राट' १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं. पुढे दत्ता भटांनी केलं, सतीश दुभाषींनी केलं, यशवंत दत्तांनी केलं. बेलवलकर कुणाचीही वाट पाहत थांबले नाहीत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधली बावन्न पात्रं एकटे लक्ष्मण देशपांडे रंगवत. २००९ साली ते गेले. एका माणसाबरोबर बावन्न माणसं जायची, पण संदीप पाठकांनी ती परत उभी केली.

मग प्रद्युम्नसाहेबांनीच काय घोडं मारलंय? इथे माझ्यातला टीकाकार जागा झाला. (तो एरवी भाजीत मीठ कमी असलं तरच जागा होतो.) बेलवलकर मुळात कागदावर आहेत. शिरवाडकरांनी त्यांना इतकं भरून लिहिलंय की ताकदीचा नट आला की ते उठून उभे राहतात. प्रद्युम्नसाहेबांचं तसं नाही. कागदावर असून असून काय असणार? 'साहेब प्रेताकडे पाहतात. साहेबांना शंका येते.' हवेत फिरणारी ती बोटं, काहीतरी गडबड असल्याचा तो सूर, दयाकडे बघून नुसतं मान हलवणं आणि दयाने दार तोडणं हे सगळं साटमांच्या अंगातून आलेलं. जे पात्र कागदावर जास्त असतं ते नट बदलला तरी जगतं. जे नटाच्या अंगावर जास्त असतं ते त्याच्याबरोबर जातं. नवीन माणूस आणा, पण त्याला नवं नाव द्या. 'सीआयडी'वाल्यांनी एवढं तारतम्य दाखवलं. पार्थ समथान आला तो एसीपी आयुष्मान म्हणून आला. आईने त्याला तासभर निरखलं आणि म्हणाली, "पोरगा चांगला आहे. पण याला कोण घाबरेल?"

आणि खरोखरच माणूस गेला तर? फ्रेडरिक्स झालेले दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरात गेले. वर्षभराने मालिका परतली, पण दुसऱ्या कुणाला फ्रेडरिक्सचा वेश चढवला नाही. मला ते फार बरं वाटलं. अमेरिकेत २००३ साली 'एट सिंपल रूल्स' या विनोदी मालिकेतला बाप, जॉन रिटर, अचानक वारला. त्यांनी मालिकेतला बापही वारला असं दाखवलं आणि विनोदी मालिकेतलं ते कुटुंब प्रेक्षकांबरोबर रडलं. इंग्रजांनी १९६६ साली 'डॉक्टर हू'मध्ये उलट युक्ती केली. नायक परग्रहावरचा, तेव्हा त्याचं शरीरच बदलतं असं ठरवून टाकलं. आपल्याकडे पुनर्जन्माची सोय असूनही हे आधी सुचलं नाही याची खंत वाटते.

मालिका बंद करा म्हणणं सोपं असतं. पण दिवे धरणारे, कपडे इस्त्री करणारे, सेटवर चहा देणारे, यांच्या चुली त्याच आगीवर पेटतात. म्हणून चालवावी, या मताला मी आलो. मात्र ते मत मला टीव्हीने शिकवलेलं नाही. लोकलने शिकवलंय.

मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या सकाळच्या अंबरनाथ लोकलमध्ये भजन चालायचं. एक बुवा होते. आवाज असा की उल्हासनगरला सुरू झालेला अभंग कल्याणच्या फलाटावर ऐकू यावा. एका पावसाळ्यात बुवा गेले. चार दिवस टाळ पिशवीतून निघाले नाहीत. बुवांची खिडकीची जागा आम्ही कल्याणपर्यंत रिकामी ठेवत होतो. कल्याणच्या पुढे लोकलमध्ये जागा रिकामी ठेवणं पांडुरंगालाही जमलेलं नाही. पाचव्या दिवशी एकाने हुबेहूब बुवांसारखा आलाप घ्यायचा प्रयत्न केला आणि पारसिकच्या बोगद्यात त्याचा आवाज फाटला. कुणी हसलं नाही. तो मात्र ठाण्यापर्यंत मान खाली घालून बसला. मग एका पोराने आपल्याच बारीक आवाजात, वेगळ्याच चालीवर गवळण धरली. डबा हळूहळू टाळ वाजवू लागला. बुवा परत आले नाहीत, पण भजन परत आलं.

आमचं इथलं शिवमंदिर १०६० सालचं. त्याचं शिखर अपुरं. गाभाऱ्यात उतरून वर पाहिलं की आभाळ दिसतं. म्हणून कुणी पूजा थांबवली नाही, आणि वर प्लास्टरचं शिखरही बसवलं नाही. मालिकावाल्यांनी महाशिवरात्रीच्या गर्दीत का होईना, एकदा येऊन पाहावं.

त्याच वर्षी प्रद्युम्नसाहेब जिवंत परत आले. मी पेढे आणायला निघालो, तर आईने चपला काढायला लावल्या.

"कशाला पेढे? माझी रडून दोन दिवस झोप गेली, ती कोण परत देणार? फडणीस गेले तेव्हा खरी रडले होते मी. आता पुढच्या वेळी खरंच कुणी गेलं, तर मला रडू येईल का रे?"

टीआरपीसाठी पात्र मारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : नट गेला तर मालिका खुशाल चालवा, पण खोटं सुतक आमच्या घरात पाठवू नका. शनिवारी दहा वाजता आई टीव्हीसमोर बसली, पण अंमळ फुरंगटूनच. साहेबांनी बोटं फिरवली तसा तिने पदर सावरला आणि मला म्हणाली, "आता दे तो चहा."