डीजेला पुरून उरणारा गळा

चिखल्यात गाण्याची परीक्षा हेडफोनवर होत नाही. तुमसर तालुक्यातलं हे मॅंगनीजच्या खाणीचं गाव. लग्नाची वरात असो की दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावजत्रा, गाणं ऐकायचं ते डीजेच्या खोक्यांतून, आणि त्यात बास असा घुमतो की गायिका काय म्हणतेय ते आपणच ओळखून घ्यायचं. वैशाली सामंत गायल्या की मात्र ओळखत बसावं लागत नाही. शब्द नि शब्द कानावर येतो. नाचगाण्यांना नाक मुरडणाऱ्यांनी हे कसब कधी नीट ऐकलेलंच नाही.

‘ऐका दाजीबा’ 2002 चं. संगीत अवधूत गुप्ते यांचं, व्हिडिओत इशिता अरुण आणि मिलिंद गुणाजी. अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’पासून पॉप म्हणजे हिंदी असंच समीकरण झालं होतं; या गाण्यानं मराठीला त्या बाजारात हक्कानं उभं केलं. शीर्षकाकडेच पाहा ना. पाचही अक्षरं गुरू, लघू एकही नाही. अशी ओळ ठेक्यावर जड पडून रेंगाळायची भीती असते. वैशालीताई प्रत्येक अक्षराला सुरुवातीलाच ठोसा देतात आणि स्वर लांबवायच्या आत सोडून देतात. ताल पळत राहतो. आवाजात लाडिक गोडवा नाही, लाजणंही नाही. समोरच्याला बाही धरून थांबवणारी ऐट आहे. (‘लगान’मधल्या ‘राधा कैसे न जले’मध्ये आशाताईंच्या गाण्यात हाच गळा किती निमूटपणे बसलाय, तेही एकदा ऐकावं.)

‘कोंबडी पळाली’ची चाल वेगळी. इथं लघू अक्षरं मध्येमध्ये येतात, त्यामुळे ओळ उड्या मारते. केदार शिंदे यांच्या ‘जत्रा’तलं, 2006 चं हे गाणं, शब्द जितेंद्र जोशीचे, संगीत अजय-अतुलचं. जोडीला आनंद शिंदे, म्हणजे मैदानावर मावणार नाही एवढा आवाज. त्याच्याशी वरच्या पट्टीत झुंजायला गेलं तर गायिकेचा गळा पातळ होतो. त्या झुंजत नाहीत. शब्द धारदार करतात आणि आपली जागा राखतात.

अजय-अतुलनीच ही चाल ‘अग्निपथ’साठी ‘चिकनी चमेली’ म्हणून पुन्हा बांधली. श्रेया घोषाल यांनी ती देखणी गायली, हरकती जास्त घेतल्या, आवाजात जरा नशा मिसळली. माझं मत मूळ गाण्याच्या बाजूला. श्रेयाच्या गाण्यात नाचणारी बाई दिसते, वैशालीताईंच्या गाण्यात ऐकणाऱ्याचेच पाय उचलतात. मध्य प्रदेशाची हद्द जवळ असलेल्या या पट्ट्यात हिंदी परकी नाही, तरी वरात एका जागी अडून राहते ती मराठी गाण्यावरच. तक्रार एकच. हा ठसका लोकांना इतका आवडला की त्यांच्याकडे पुढेही तोच मागितला गेला, आणि त्यांच्या हळव्या गाण्यांना आपण फारसा कान दिला नाही.