सैराट नेमकं कोण?

२९ एप्रिल २०१६ च्या आधी ‘सैराट’ हा शब्द आमच्याकडे बहुतेक वेळा जनावरांच्या आणि पोरांच्या वाट्याला यायचा. दावं तुटलं की वासरू सैराट सुटायचं. शाळेची घंटा झाली की पोरं सैराट पळायची. आजी ओसरीवरून ओरडायची, “काय सैराट सुटलाय रे?” त्यात प्रेम नव्हतं, जात नव्हती, खून तर नव्हताच. अंगात घडीभर वारं भरलं, एवढाच त्याचा अर्थ. दिवेलागणीला वासरू गोठ्यात परत असायचं.

आज हाच शब्द फोनवर टाईप करून बघा. आधी गाणं येतं. मग सिनेमा. आणि थोडं खाली गेलात की बातम्या: अमुक तालुक्यात ‘सैराट’, तमुक गावात ‘सैराट’ची पुनरावृत्ती. वासरू कुठेच नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथली एक जुनी डोकेदुखी अशी, की एकाच व्हेरिएबलमध्ये कोडच्या दोन वेगळ्या भागांतून दोन वेगळ्या गोष्टी भरल्या जातात. प्रोग्रॅम अडकत नाही, एररही येत नाही, फक्त उत्तर चुकीचं येतं. ‘सैराट’ या शब्दाचं तसंच झालंय. लग्नाच्या वरातीत तो नाचायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तोच खुनाचं नाव होतो. दोन्हीकडे आपण तो बिनदिक्कत वापरतो. माझं म्हणणं असं, की दोन्हीकडे तो चुकतो, आणि हे सगळ्यात स्पष्ट खुद्द नागराज मंजुळेंचा सिनेमाच सांगतो.

नगरच्या माणसाने यात का पडावं? (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) एक तर सिनेमाचा मुलूख आमच्या बांधाला बांध लावून आहे. करमाळा तालुका सोलापूर जिल्ह्यात असला, तरी आमच्या कर्जत-जामखेडला चिकटलेला. तोच ऊस, त्याच विहिरी, तीच भाषा. दुसरं म्हणजे मंजुळे सिनेमा शिकले ते नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात. ‘पिस्तुल्या’ ही त्यांची राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली शॉर्टफिल्म तिथल्या शिक्षणातूनच आली. आणि तिसरं कारण जड आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

आधी नावाकडे बघू. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. बहुतेक मराठी प्रेक्षकांना तो माहीतच नव्हता. सिनेमा बघता बघता तो कळतो आणि कळला की टोचतो. ‘सैराट’चं उलट आहे. हा शब्द सगळ्यांना माहीत होता. थिएटरात शिरतानाच अर्थ आपल्या खिशात होता. ‘फँड्री’ने आपल्याला एक शब्द दिला. ‘सैराट’ने आपल्याकडचा घेतला, आणि पावणेतीन तासांहून जास्त वेळ त्याचं काय काय केलं, हे आपण नीट पाहिलंच नाही.

पूर्वार्धात नाव अगदी चपखल बसतं. विहिरीत उड्या, क्रिकेट, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, तिच्यासाठी जीव टाकणारा परश्या. सुधाकर रेड्डी यक्कंटींचा कॅमेरासुद्धा दावं तुटल्यासारखा शिवारातून धावतो. अजय-अतुलची चारही गाणी याच भागात येतात. ‘सैराट झालं जी’मध्ये पाश्चात्त्य सिंफनीचा ताफा एका गावच्या प्रेमाच्या मागे उभा राहतो. हे संगीत अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. उसाच्या फडातल्या दोन पोरांना एवढं मोठं आकाश मराठी सिनेमाने आधी दिलं नव्हतं. गाण्याचं हे मोठेपण मी नाकारत नाही.

पण गाणं सिनेमातून बाहेर पडतं तेव्हा सिनेमा मागेच राहतो. ‘देस्पासितो’ आठवा. २०१७ च्या जानेवारीत आलेलं लुई फोन्सी आणि डॅडी यँकीचं गाणं. स्पॅनिशमध्ये हा रोजच्या बोलण्यातला शब्द, अर्थ ‘हळूहळू’, ‘सावकाश’. आता जगभर त्याचा अर्थ एकच, ते गाणं. व्हिडिओ चित्रित झाला तो पोर्तो रिकोमधल्या सान हुआन शहराच्या ‘ला पेर्ला’ वस्तीत. पेर्ला म्हणजे मोती. गरिबांची ही वस्तीही मग गाण्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गाण्याच्या तावडीत सापडलेल्या साध्या शब्दाचं असंच होतं. त्याला गाण्याबाहेर आयुष्य उरत नाही.

‘सैराट’चे इतर भाषांत जे रिमेक झाले, त्यांची नावं याच नजरेने बघा. कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’, पंजाबीत ‘चन्ना मेरेया’, ओडियात ‘लैला ओ लैला’, बंगालीत ‘नूरजहान’, हिंदीत ‘धडक’. फुलं, चंद्र, लैला, काळीज. सगळी नावं प्रेमाची. मोकाट सुटण्याचं नाव एकानेही घेतलं नाही. ‘धडक’ने तर ‘झिंगाट’ हा शब्द जसाच्या तसा उचलला आणि ‘सैराट’ सोडून दिला. नाच भाषांतराशिवाय चालतो. ‘सैराट’ घेतला असता, तर कोण, कुणाच्या दाव्यातून सुटलं, हे सांगावं लागलं असतं.

आता उत्तरार्ध. हैदराबाद. गाणी संपलेली असतात. डोशाची गाडी, झोपडपट्टीतली खोली, बाटल्यांच्या कारखान्यातली आर्चीची नोकरी. पाटलाची पोर तेलुगू शिकते, हिशेब शिकते. परश्या संशय घेतो, तिच्यावर हात उचलतो. ती निघून जाते आणि परत येते. मग नोंदणी लग्न, मूल, गाडी, नव्या फ्लॅटचं स्वप्न. यात सैराट काय आहे? काहीच नाही. शिफ्ट आहे, भाडं आहे, बचत आहे. गाव सोडून शहरात आलेल्या आपल्यासारख्या कुणाचंही पहिल्या दोन-तीन वर्षांचं आयुष्य असंच असतं. सुटलेलं वासरू स्वतःच आपला गोठा बांधतंय. माझ्या मते सिनेमाचं काळीज या तासाभरात आहे. आणि याच तासाचं ना गाणं झालं, ना बातमी.

मग शेवट. प्रिन्स आणि नातेवाईक येतात. ते धावत, आरडाओरडा करत येत नाहीत. घरून पाठवलेल्या वस्तू घेऊन येतात, नीट बसतात, आर्चीच्या हातचा चहा घेतात. खून आपल्याला दाखवला जात नाही. दिसतात ती शेजारणीकडून परतलेल्या लेकराची रक्तात भिजलेली पावलं, आणि आवाज पूर्ण बंद. संपूर्ण सिनेमात सगळ्यात शिस्तीत वागणारी माणसं ही आहेत. कुणीतरी पत्ता काढलाय, प्रवास ठरवलाय, बरोबर काय न्यायचं ते ठरवलंय. प्रिन्सला तर आपण आधीच ओळखतो. भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली मारूनही त्याच्या केसाला धक्का लागत नाही, कारण तो कुठल्याही दाव्यातून सुटलेला नसतो. तो दावं हातात धरणाऱ्यांपैकी असतो.

म्हणून खुनाला ‘सैराट’ म्हणणं मला पटत नाही. शब्द जोडप्याचा आणि कृत्य मारणाऱ्यांचं. ‘त्या गावात सैराट झालं’ म्हटलं की वाक्यात मोकाट सुटलेली ती दोघंच उरतात. मारणारे वाक्याच्या बाहेर जातात.

आता नगरचं ते तिसरं कारण. आमच्या जिल्ह्यातली काही गावं नकाशावरून उठून खटल्यांची नावं झाली आहेत. सोनई, खर्डा, जवखेडे, कोपर्डी. प्रत्येकाची हकीकत वेगळी, पण बाहेर गावाचं नाव सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो, हे इथल्या माणसांना ठाऊक आहे. जानेवारी २०१३ मध्ये नेवासा तालुक्यातल्या सोनईत मेहतर समाजाच्या तीन तरुणांचा खून झाला. मुळाशी एक आंतरजातीय प्रेम होतं. सेप्टिक टँक साफ करायचाय असं सांगून त्यांना बोलावून घेतलं होतं. म्हणजे इथेही घाई नाही, बेत आहे. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून, असं फिर्यादीचं म्हणणं होतं. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं.

या तारखांपुढे सिनेमाची तारीख ठेवा. खर्ड्याला दोन वर्षं आणि एक दिवस झाल्यावर ‘सैराट’ आला. मग ‘सैराटची पुनरावृत्ती’ कसली? पुनरावृत्ती झालीच असेल, तर ती सिनेमाने केली, आणि डोळे उघडे ठेवून केली. आपल्या मथळ्यांनी मात्र सिनेमाला मूळ प्रत केलं आणि जिल्ह्याला झेरॉक्स.

याची किंमत पारनेर तालुक्यातल्या निघोजमध्ये दिसली. मे २०१९ मध्ये तिथे आंतरजातीय लग्न केलेलं एक जोडपं भाजलं. बायकोचा जीव गेला. माहेरच्यांनी पेटवलं, अशी बातमी आली आणि लगेच ‘सैराट’चा शिक्का बसला. देशभर चर्चा झाली. पुढच्या काही दिवसांत पोलिसांच्या तपासाचा रोख नवऱ्याकडेच वळला. शब्द आधीच तयार होता, त्याबरोबर गोष्टही तयार होती. गुन्हेगार कोण, हे सिनेमात ठरून गेलं होतं. घरातल्या घरात एका बाईचं काय होत असेल, हा प्रश्न त्या तयार गोष्टीत बसतच नव्हता. गंमत म्हणजे सिनेमात तो आहे. परश्या आर्चीवर हात उचलतो, तोच तो प्रसंग. पण तो पडतो मधल्या तासात, जो आपण विसरलो.

दुसरी बाजूही मांडायला हवी. ‘ऑनर किलिंग’पेक्षा ‘सैराट’ बरा, असं म्हणता येतं. ‘ऑनर’मध्ये मारणाऱ्याची सबब फुकटात छापली जाते. ‘सैराट’ म्हटलं की निदान आर्ची-परश्याचे चेहरे समोर येतात, वाचणारा मेलेल्यांच्या बाजूने उभा राहतो. जात हा शब्द उच्चारायला कचरणाऱ्या घरांतही या सिनेमामुळे त्याबद्दल बोलणं झालं. हे छोटं काम नाही. पण सहानुभूतीचा शब्द रोज वापरला की गुळगुळीत होतो. आता तो वाचून कुणी थांबत नाही, बोट पुढे सरकतं.

तेव्हा मागणी साधी आहे. खुनाला खून म्हणू. जातीसाठी केला असेल तर तसं लिहू. तपास चालू असेल तर तेही लिहू. ‘सैराट’ पुन्हा बघायचा झाला तर मध्यंतरानंतर बघू, जिथे एकही गाणं नाही आणि दोन माणसं महिन्याचं भाडं जुळवतायत. आणि शब्द परत देऊ, ज्यांचा होता त्यांना. शाळा सुटल्यावर रस्त्याने पळणाऱ्या पोरांना, दावं तोडून बांधावरून उधळलेल्या वासराला.