पडलेला सिनेमा नेमकं कुणाला पाडतो?

'एका वाईट सिनेमाने अख्खी फ्रँचायझी बुडवली.' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित बोललाही असाल. कट्ट्यावर ते खपतं. पण संशोधन प्रस्तावात लिहिलंत, तर समोरून प्रश्न येणारच: बुडवली म्हणजे काय, आणि मोजलं कसं?

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'चंच उदाहरण घ्या. मार्च 2016 मध्ये आलेल्या या सिनेमाने अमेरिका-कॅनडात पहिल्या वीकेंडला सुमारे 16 कोटी 60 लाख डॉलर कमावले. दुसऱ्या वीकेंडला कमाई जवळपास 69 टक्क्यांनी घसरली. तरी जगभरचा गल्ला 87 कोटींच्या घरात गेला. मग सिनेमा पडला का?

इथे एक मेख आहे. पहिल्या वीकेंडचं तिकीट बहुतेक जण सिनेमा न बघता काढतात. त्यामुळे तो आकडा सिनेमाचा दर्जा मोजत नाही, नायकांची जुनी पुण्याई मोजतो. दर्जाचा अंदाज दुसऱ्या वीकेंडला येतो, आणि बिल फाटतं पुढच्या सिनेमाच्या नावावर. नोव्हेंबर 2017 मधल्या 'जस्टिस लीग'मध्ये बॅटमॅन आणि सुपरमॅन होतेच, शिवाय आणखी चार नायक. पहिला वीकेंड मात्र सुमारे 9 कोटी 40 लाखांवर अडकला.

पहिल्या सिनेमाचं नेमकं चुकलं काय? माझ्या मते एक प्रसंग सगळं सांगतो. ऐन संघर्ष पेटायच्या वेळी वंडर वुमन कॉम्प्युटरवर फ्लॅश, अॅक्वामॅन आणि सायबॉर्गच्या क्लिप बघत बसते. त्यांची गरज या कथेला नसते, पुढच्या सिनेमांना असते. प्रेक्षकाने आजच्या गोष्टीचे पैसे मोजले आणि हातात पडला उद्याचा वायदा. तो वायदाही पुरता पाळला गेला नाही. वॉर्नर ब्रदर्सने 2014 मध्ये जाहीर केलेल्या यादीत 'जस्टिस लीग'चा दुसरा भाग 2019 ला आणि 'सायबॉर्ग' 2020 ला होता. दोन्ही आलेच नाहीत. 2018 चा 'फ्लॅश' 2023 मध्ये आला.

झालं का सिद्ध? थांबा जरा. याच मालिकेतला 'वंडर वुमन' जून 2017 मध्ये आला आणि जगभरात 80 कोटी डॉलरच्या वर गेला. 2018 चा 'अॅक्वामॅन' तर 'जस्टिस लीग'नंतर येऊनही 100 कोटींच्या पुढे गेला. फ्रँचायझी बुडाली असती तर हे झालं नसतं. शिवाय 'जस्टिस लीग' अर्ध्यावर असताना मुलीच्या मृत्यूमुळे दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाले आणि पुढचं काम जॉस व्हीडन यांनी केलं. मग फटका आधीच्या सिनेमाचा, की या हातबदलाचा? एकाच उदाहरणावरून ही दोन कारणं वेगळी काढता येत नाहीत.

म्हणून मी माझं विधान छाटतो: विश्वास उडाला तो 'सगळे एकत्र येणार' या आश्वासनावरचा, प्रत्येक नायकावरचा नव्हे. दावा लहान झाला, पण 'अॅक्वामॅन' समोर आणला तरी तो कोसळत नाही.

तुमच्या प्रस्तावातलं सगळ्यात आवडतं वाक्य घ्या आणि त्याच्या विरोधातलं सगळ्यात भक्कम उदाहरण आधी तुम्हीच शोधा. नाहीतर ते परीक्षक शोधतील, तेही तोंडी परीक्षेच्या दिवशी.