संचाराविना विधी : कोरियातील ब्यॉलशिन-गुत

मिर्चा एलिआदे यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भावसमाधी हे शमनविद्येचे व्यवच्छेदक लक्षण मानले. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या गावांत होणाऱ्या ब्यॉलशिन-गुत ह्या विधीला मात्र हे माप लागू पडत नाही. येथील मुदांग, म्हणजे विधी चालविणारी स्त्री, हिला विद्या लाभते ती घराण्यातून. तिच्या अंगात देव येत नाही. तिच्या घरचेच पुरुष जांगू हा डमरूच्या घाटाचा ढोल आणि धातूच्या थाळ्या वाजवितात. कोठे दरवर्षी, तर कोठे काही वर्षांच्या अंतराने गाव हा विधी करविते. संचार नाही म्हणून ही शमनविद्येची क्षीण अवस्था ठरविणे घाईचे होय.

ह्या विधीतील शिमचाँग-गुत हे प्रकरण त्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. आंधळ्या पित्याला दृष्टी यावी म्हणून शिमचाँग तीनशे सॉक तांदळाच्या मोबदल्यात स्वतःला खलाशांना विकते आणि समुद्राला बळी जाते. पुढे ती परतते, राणी होते, पित्याला डोळे येतात. (पान्सोरी ह्या कथागायनातही हीच कथा आहे.) गावकऱ्यांच्या डोळ्यांचे विकार टळावेत, हे ह्या प्रकरणाचे सांगितले जाणारे प्रयोजन. ते खरे, पण अपुरे. कथेत मुलगी विकत घेणारे खलाशी आहेत, आणि ऐकणारेही समुद्रावर पोट भरणारेच! सुखरूप प्रवासाची किंमत कोणी दिली, हा प्रश्न त्यांच्यापुढे येतो. तो देवाच्या वाणीने विचारता येत नाही, कारण बळी स्वीकारणारा देवच असतो. मुलगी, बाप आणि खलाशी ह्या तिघांचेही बोल सारख्याच ताब्याने उच्चारणारी, शुद्धीवर असलेली निवेदिकाच त्याला हवी.

दक्षिण कोरियाच्या शासनाने १९७० नंतरच्या दशकात ग्रामसुधारणेच्या मोहिमेत अशा विधींना अंधश्रद्धा म्हणून दडपले, आणि १९८५ साली ह्याच विधीला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. दर्जामुळे कला टिकते हे मान्य; परंतु मंचावरील निवडक प्रयोगात सर्वांत आधी गाळावेसे वाटेल ते शेवटचे गॉरी-गुत. देवतांची पाठवणी झालेली असते, मुदांगचे काम संपलेले असते, आणि एक पुरुष एकटाच सोंगे आणीत राहतो. त्याला प्रहसनवजा पुरवणी समजणे सोपे आहे. पण ज्यांना कोणत्याही वेदीवर स्थान नाही, त्यांची ही पंगत असते. बुडून मेलेले खलाशी, बाळंतपणात दगावलेल्या स्त्रिया अशा भटक्या मृतांची तो नक्कल करतो, लोकांना हसवितो, आणि त्या सर्वांना जेवू घालून किनाऱ्यावरून निरोप देतो.