टँगो, पार्किन्सन्स आणि जोडीदाराचा प्रश्न

'टँगो नाचल्याने पार्किन्सन्स बरा होतो' असा एक मेसेज माझ्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यांना स्वतःला हा आजार आहे. खाली लिहिलेलं, 'तू पीएचडी करतेस ना, मग सांग, खरं आहे का?' म्हणून मूळ पेपर काढून बसले. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर माझ्यासोबत वाचा.

पार्किन्सन्समध्ये पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे होतात. वळताना, मागे सरकताना तोल जातो. अर्जेंटिनाच्या टँगोत नेमकं तेच करावं लागतं: थांबायचं, पुन्हा निघायचं, वळायचं, मागे पाऊल टाकायचं, आणि तेही तालावर, समोरच्याला धरून. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मॅडलिन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांनी हा धागा पकडला. 2009 च्या त्यांच्या पेपरात 58 जण होते. काही टँगो शिकले, काही वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉट आणि काहींना काहीच नाही. 20 तासांनंतर दोन्ही नाचणाऱ्या गटांचा तोल सुधारला, सहा मिनिटांत चालून होणारं अंतर वाढलं.

छान. पण तुलना कोणाशी झाली ते बघा. काहीच न करणाऱ्यांशी! मग गुण कशाचा? संगीताचा, व्यायामाचा, की आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडून चार माणसांत मिसळण्याचा? 2007 च्या पहिल्या अभ्यासात समोर व्यायामाचा गट होता, पण माणसं एकूण 19.

मेसेजमध्ये फिरतो तो बहुधा 2012 चा डंकन आणि अर्हार्ट यांचा अभ्यास. 62 जण, वर्षभर टँगो. औषध बंद असताना तपासलं, तर हालचालींच्या लक्षणांचा स्कोअर 28.7 टक्के कमी झाला, म्हणजे सुधारला. कंट्रोल ग्रुपचा होता तिथेच राहिला. आकडा मोठा आहे आणि मला तो पोकळ वाटत नाही. माझी तक्रार शीर्षकाबद्दल आहे: त्यात रोगाची वाटचाल बदलण्याची भाषा आहे. लक्षणं कमी होणं वेगळं आणि आजाराचा वेग मंदावणं वेगळं. दुसरं म्हणायचं तर नाच थांबवून बराच काळ लोटल्यावरही फरक टिकतो का, हे बघायला हवं.

आता माझा आवडता पेपर, 2010 चा, पुन्हा हॅकनी आणि अर्हार्ट यांचाच. 39 जण, सगळ्यांना टँगोच, फक्त अर्ध्यांना जोडीदार आणि अर्ध्यांना नाही. जोडीनृत्याला उपचार म्हणायचं तर खरा प्रश्न हाच ना? दहा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले. महिन्याभरानंतरही सुधारणा टिकून होती. लगेच 'जोडीदाराचा उपयोग नाही' असं लिहू नका बरं. 39 माणसांत फरक दिसला नाही, म्हणजे फरक नाहीच असं सिद्ध होत नाही. शिवाय जोडीने नाचणाऱ्यांना मजा जास्त आली, पुढेही नाचायची इच्छा त्यांनाच जास्त होती. ही गोष्ट मला दुय्यम वाटत नाही. दहा आठवड्यांनी लोक यायचेच बंद झाले, तर तोल सुधारून किती दिवस पुरणार?

हा पेपर काकांच्या कामाचा आहे, कारण आमच्या गावात टँगो शिकवणारं कोणी नाही. पुण्यात समकालीन नृत्य करणारे हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळासोबत नृत्यवर्ग घेतले आहेत, तेही काही टँगोचे नव्हेत.

काकांना लिहिलं, 'आजार बरा होत नाही, पण तोल सुधारू शकतो. डॉक्टरांना विचारा आणि कोणीतरी जवळ असतानाच नाचा. औषधं सोडायची नाहीत.'

दहा मिनिटांत उत्तर आलं: 'मी तयार आहे. काकू नाही म्हणतेय.'