गुंडाचे घर : टोळीवाल्यांच्या चित्रपटांसाठी एक कसोटी

१

चित्रपटाच्या अभ्यासकाने पाहावेच असे गुंडांच्या टोळ्यांविषयीचे चित्रपट कोणते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ यादीचा वाटतो. यादी करणे अवघड नाही. परंतु ती कोणत्या कसोटीवर करावयाची हे ठरविल्यावाचून तिला समीक्षेच्या दृष्टीने फारसे मोल उरत नाही. अशा चित्रपटांची थोरवी सामान्यतः तीन गोष्टींवरून ठरविली जाते : हिंसेच्या चित्रणातील धग, नायकाच्या अभिनयाचा दरारा आणि लोकांच्या तोंडी बसलेले संवाद. या तिन्ही गोष्टींना महत्त्व आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि या तिन्ही गोष्टी गुंडाभोवतीच फिरतात. प्रस्तुत लेखात एक निराळी कसोटी सुचवावयाची आहे. गुंडाच्या शेजारी, बहुधा त्याच्याच घरात आणि त्याच दारिद्र्यात वाढूनही जी माणसे गुंड झाली नाहीत, त्यांच्या आयुष्याला चित्रपट किती वजन देतो, ही ती कसोटी होय.

२

या चित्रप्रकाराचे मूळ रूप अमेरिकेत घडले. तेथे १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, आणि चोरट्या दारूच्या धंद्यावर शहरांतील टोळ्या पोसल्या गेल्या. 'लिटल सीझर' (१९३१), 'द पब्लिक एनिमी' (१९३१) आणि 'स्कारफेस' (१९३२) हे तीन बोलपट त्या परिस्थितीतून निर्माण झाले. सामान्य वस्तीतील एक तरुण, त्याचा झपाट्याने होणारा उत्कर्ष आणि रस्त्यावर येणारे मरण, हा साचा त्यांनी पक्का केला. समीक्षक रॉबर्ट वॉर्शो यांनी १९४८ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात गुंडाला शोकांतिकेचा नायक मानले. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, यशस्वी होणे म्हणजे गर्दीतून वर येऊन एकटे पडणे, आणि एकट्या माणसाचा घात ठरलेला. म्हणून गुंडाच्या पतनात प्रेक्षकाला यशाविषयीच्या स्वतःच्याच भीतीचे रूप दिसते.

हे विवेचन मार्मिक आहे, परंतु ते एकट्या नायकाचे आहे. 'द पब्लिक एनिमी' पुन्हा लक्षपूर्वक पाहिला असता त्यात टॉम पॉवर्सच्या जोडीने त्याचा भाऊ माईक उभा असलेला दिसतो. तो ट्रामगाडीवर नोकरी करतो, रात्रीच्या शाळेत शिकतो, युद्धावर जातो, आणि भावाने आणलेला पैसा घरात येऊ देत नाही. जेम्स कॅग्नीच्या विलक्षण अभिनयापुढे हा भाऊ फिका पडतो, हे खरे. तरीही अखेरीस टॉमचे प्रेत जेव्हा घराच्या दारातून आत कोसळते, तेव्हा दार उघडणारा माईकच असतो, आणि वरच्या मजल्यावर मुलाच्या स्वागताची तयारी करणाऱ्या आईला अद्याप काही ठाऊक नसते. शोकांतिका गुंडाच्या मरणात जेवढी आहे, तेवढीच ती त्या दोघांच्या जगण्यात आहे.

३

मुंबईच्या चित्रपटसृष्टीने हा साचा उचलला तो घराकडे अधिक झुकवून. त्यास परिस्थितीचीही जोड मिळाली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीचा, आणि १९६८ च्या सोने नियंत्रण कायद्याच्या काळात सोन्याच्या तस्करीचा धंदा फोफावला. यश चोप्रा यांचा 'दीवार' (१९७५) हा या दुसऱ्या काळाचा चित्रपट. सलीम-जावेद यांच्या पटकथेत गोदीतील हमाल विजय तस्कर होतो, तर त्याचा भाऊ रवी पोलीस अधिकारी.

दोन भाऊ व एक आई ही मांडणी 'मदर इंडिया' (१९५७) पासून प्रेक्षकांच्या ओळखीची होती. परंतु 'दीवार'चे सामर्थ्य त्या मांडणीत नसून एका आडबाजूच्या प्रसंगात आहे. पाव चोरून पळणाऱ्या एका मुलावर रवी गोळी झाडतो आणि नंतर पश्चात्तापाने त्याच्या घरी अन्न घेऊन जातो. मुलाचे वडील निवृत्त शिक्षक आहेत. घरात उपासमार असूनही ते मुलाची चोरी माफ करीत नाहीत. चोरी ती चोरीच, असे ते मानतात. येथे चित्रपटाने आपल्याच नायकाच्या विरुद्ध एक साक्षीदार उभा केला आहे. विजयच्या गुन्ह्यामागे अन्याय आहे खरा, पण त्याहून मोठे दैन्य सोसणारा माणूसही त्याच शहरात राहतो. हा प्रसंग वगळला असता तर 'दीवार' हे केवळ विजयचे वकीलपत्र ठरले असते.

४

गोविंद निहलानी यांच्या 'अर्धसत्य' (१९८३) मध्ये हाच प्रश्न पोलिसाच्या बाजूने विचारला आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी ही पटकथा लिहिली. त्यात रामा शेट्टी हा गुंड फार थोडा वेळ दिसतो; तो महापालिकेच्या निवडणुकीस उभा राहतो, एवढ्यावरूनच त्याच्या सत्तेची व्याप्ती कळते. चित्रपटाचे खरे लक्ष फौजदार वेलणकरच्या घरावर आहे. आईला मारहाण करणाऱ्या बापाच्या त्या घरात हिंसेचा पहिला धडा मिळालेला आहे. गुंड व फौजदार यांच्यामधली भिंत किती पातळ असते, हे त्यामुळे कोणत्याही भाष्यावाचून स्पष्ट होते.

पुढील दशकाच्या अखेरीस दोन महत्त्वाचे चित्रपट लागोपाठ आले, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. राम गोपाल वर्मा यांचा 'सत्या' (१९९८) नायकाच्या पूर्वायुष्याविषयी काहीच सांगत नाही. तो कोठून आला, त्याच्यावर कोणता अन्याय झाला, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही. महेश मांजरेकर यांचा 'वास्तव' (१९९९) मात्र सर्व काही सांगतो. चाळीतील बेकार तरुण रघू पावभाजीची गाडी टाकतो, भांडणात त्याच्या हातून खून होतो, आणि परतीची वाट बंद होते.

कारण सांगणे हे अधिक प्रामाणिक, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु सांगितलेले कारण हळूहळू क्षमेचे रूप घेते, हा या चित्रप्रकाराचा जुना दोष आहे. 'वास्तव' त्यातून सुटतो तो आईमुळे. रीमा लागू यांनी उभी केलेली आई मुलाने दाखविलेल्या सोन्याने भुलत नाही, आणि शेवटी त्याच्याच विनवणीवरून त्याच्यावर गोळी झाडते. 'मदर इंडिया'तील राधेने गावाच्या अब्रूसाठी मुलाला मारले होते. ही आई त्याला यातनांतून सोडविण्यासाठी मारते. पहिल्या कृत्यात न्याय आहे. दुसऱ्यात केवळ हतबलता उरली आहे. बेचाळीस वर्षांत आईच्या हातातील बंदुकीचा अर्थ किती बदलला, हे येथे ध्यानात येते.

'सत्या'ची रीत याच्या उलट. कारणांचा ऊहापोह न करता तो भिकू म्हात्रेचे घर दाखवितो. त्या घरातील नवरा-बायकोची भांडणे, मुले, थट्टा ही चारचौघांच्या घरासारखीच आहेत. त्यामुळे गुंडाला निराळ्या जातीचा प्राणी मानण्याची प्रेक्षकाची सोय नाहीशी होते. सत्याच्या खोलीसमोर राहणारी, आजारी वडिलांना सांभाळून गायनाची धडपड करणारी विद्या ही तर आपल्या कसोटीवर पूर्ण उतरणारी व्यक्तिरेखा आहे. गणेशविसर्जनाच्या गर्दीत सूड उगवून जखमी झालेला सत्या अखेरीस तिच्या दाराशी येतो. ते उघडत नाही, आणि तेथेच तो मारला जातो. १९३१ मध्ये जे दार उघडले होते ते येथे बंद राहते. दोन्ही ठिकाणी गुंडाला शेवटी हवे असते ते घरच.

५

यापुढचा प्रश्न मराठी कलाकृतींनी अधिक नेटाने विचारला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील या संपानंतर गिरणगावाची जी वाताहत झाली, ती जयंत पवार यांनी 'अधांतर' या नाटकात एका खोलीत सामावून दाखविली. धुरी कुटुंबातील एका मुलाला लेखक व्हावयाचे आहे, दुसरा क्रिकेटच्या नादात बुडालेला आहे, आणि तिसरा, नरू, टोळीत गेला आहे. एकच गिरणी बंद पडली. मुलांच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या. नाटककाराने या सर्वांना सारख्याच ममतेने व सारख्याच कठोरपणे वागविले आहे.

या नाटकावरून मांजरेकरांनी 'लालबाग परळ' (२०१०) काढला. त्यात गिरणगावाचे चित्र विस्तारले, रस्ते आले, टोळीयुद्ध आले. मात्र नाटकातील तोल ढळला. रंगमंचावर बंदुकीला आणि बेकार मुलाच्या बडबडीला सारखीच जागा मिळते. पडद्यावर बंदूक आली की डोळा तिच्याकडेच वळतो. हा केवळ एका दिग्दर्शकाचा दोष मानणे अन्यायाचे होईल. माध्यमाचाच तो मोह आहे. म्हणूनच जो चित्रपट त्याला आवर घालतो, तो अधिक मोलाचा समजावयाचा.

६

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावी बसून हे चित्रपट पाहणाऱ्या विद्यार्थ्यास या विवेचनाशी आपला काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. मुंबईच्या ज्या उपनगरात १९७७ पासून चित्रनगरी उभी आहे, त्याचेही नाव गोरेगावच; पण चाळ, गिरणी, गोदी हे जग आपले नव्हे. प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) ने हे अंतर पुसून टाकले. येथे गिरणीच्या जागी शेत आहे. पुण्यालगतच्या मुळशी तालुक्यात जमिनींना सोन्याचा भाव आला. याच तालुक्यातील हिंजवडीत संगणक उद्योगाची नगरी वसली. जमीन विकून निर्धन झालेल्या बापाचा मुलगा राहुल शहरात येतो, मार्केट यार्डातील हमालीच्या जगातून टोळीत शिरतो, आणि पुढे इतरांच्या जमिनींच्या व्यवहारात दहशतीचे हत्यार बनतो. ज्या व्यवहाराने त्याचे घर बुडविले त्याचाच तो चाकर होतो. या प्रकारच्या चित्रपटांत कारण व परिणाम यांचे इतके भेदक वर्तुळ क्वचितच आढळते.

पण गुणाबरोबर दोषही नोंदविला पाहिजे. राहुलच्या दबदब्याचा गाण्यातून होणारा गौरव इतका रंगतो की मोहन जोशी यांनी साकारलेल्या बापाची मूक लाज त्याखाली दबून जाते. चित्रपटाला जे सांगावयाचे आहे ते त्या बापाच्या चेहऱ्यावर आहे. प्रेक्षक बरोबर घेऊन जातो ते गाणे.

७

सारांश, या चित्रप्रकाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने 'द पब्लिक एनिमी', 'दीवार', 'अर्धसत्य', 'सत्या', 'वास्तव' व 'मुळशी पॅटर्न' हे सहा चित्रपट या क्रमाने पाहावेत, आणि 'अधांतर' वाचून मगच 'लालबाग परळ' पाहावा. पाहताना नायकावरून दृष्टी थोडी बाजूला न्यावी, आणि रात्रशाळेतला भाऊ, उपाशी शिक्षक, गाणारी शेजारीण, हमाली करणारा बाप यांच्याकडे लक्ष द्यावे. अडीच लाख कामगारांच्या घरांतून टोळ्यांत गेलेल्या मुलांची गोष्ट पडद्याने पुनःपुन्हा सांगितली. त्याच घरांतून न गेलेल्यांची गोष्ट त्याने क्वचितच सांगितली. शेतकऱ्यांच्या घरांविषयीही हेच घडू नये असे वाटत असेल, तर समीक्षकाने हा प्रश्न सतत विचारत राहिले पाहिजे. परिस्थिती माणसाला गुन्ह्याकडे ढकलते, हे या चित्रपटांनी पटवून दिले आहे. त्याच परिस्थितीत बहुसंख्य माणसे सरळ राहिली, आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. हे सत्य जो चित्रपट विसरत नाही, तोच अभिजात म्हणावयाचा.